मुकी टाकी

*लेबलची पहिली ओळ: डोंगरउतारावरची घरची द्राक्षं.*

घरची, हे खरं. वरचा उतार धाकटीचा, खालचा दादाचा. मधे दगडी वायनरी आणि टाक्यांच्या रांगेसमोर आबांची खुर्ची. रस आंबायला लागला की नाही, हे या घरात यंत्राला विचारत नाहीत. टाकीच्या पत्र्याला कान लावायचा. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज आला की आबा मान हलवणार, मग बाकीच्यांनी श्वास सोडायचा.

धाकटीला मात्र यंदा तिथे पाऊल टाकायची बंदी होती.

*दुसरी ओळ: विषाचा थेंब नाही.*

इथेच पेटलं.

तोडणीच्या तोंडावर दादाच्या वेलींवर भुरी आली. पानांवर, घडांवर पांढरी बुरशी. घरचा उपाय म्हणजे पातळ दुधाची फवारणी आणि धीर. दादाकडे दूध होतं, धीर नव्हता. धाकटीला तो दिसला सकाळी, पाठीवर पंप, तोंडाला फडकं. दूध फवारायला कोण तोंड बांधतं?

ती तडक आबांकडे गेली. दूधच फवारलं म्हणून दादाने आबांचीच शपथ घेतली. वर हसून म्हणाला, "माझे घड बघून पोटात दुखतंय हिच्या."

"सख्ख्या भावावर आळ घेतेस?" आबा कडाडले. "माफी माग. नाहीतर टाक्यांकडे फिरकायचं नाही."

माफी? ती दातओठ खात वर निघून गेली. आपल्या वेलींत गोगलगायी टिपायला बदकं सोडली, तोडणी झाल्यावर आपला रस वरच्याच शेडमधल्या टाकीत भरला आणि वाट बघत बसली. बुरशी मारणारं औषध यीस्टलाही सोडत नाही, हे तिला ठाऊक होतं. दादालाही ठाऊक असायला हवं होतं. पण दादाचं काम गिऱ्हाइकांना बाग दाखवायचं. टाकीपाशी तो फोटोपुरता.

*तिसरी ओळ: आपल्या चालीने आंबलेली.*

म्हणजे यीस्ट विकत आणायचं नाही. सालींवर असेल तेवढ्यावरच भिस्त. दादाच्या सालींवर काय उरलं होतं?

तो बादली घेऊन चढ चढून आला.

"मुंगे," लहानपणीचं नाव काढलं त्याने. "तुझ्या टाकीतला बादलीभर फेसाळ रस दे. विरजणाला."

"का रे? तुझी टाकी रुसली?"

"थंडी पडते खाली."

"खाली थंडी, वर ऊब. डोंगर उलटा झाला वाटतं."

"देतेस की नाही?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण मग टाकी हिच्याच आडमुठेपणाने गेली, असं तो आबांच्या कानात भरवणार.

"देते की. पण ओतणार मी. आबांच्या समोर."

तो अडला होता. हो म्हणाला.

*लेबलवर नसलेली ओळ.*

आबांनी आधी बादलीला कान लावला. "जिवंत आहे," म्हणाले. धाकटीने रस ओतला. सगळा नाही, तळाशी थोडा ठेवला.

मग बसले तिघं. वहिनीने चहा आणला, तो निवला. ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं. आबांनी टाकीला कान लावला. पुन्हा लावला. मग दुसरा कान लावला. वरचा फेस विरून गेला होता.

"हिनेच बादलीत काहीतरी कालवलं असणार!" दादा ओरडला.

आबांनी बादली उचलून त्याच्या कानाशी धरली. तळातला रस फसफसत होता.



त्या टाकीत दादाचा उतार तर होताच, पण आबांनी तरुणपणी स्वतः लावलेल्या वेलींचा रसही होता. आबांचा हात पत्र्यावरून फिरत राहिला, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरावा तसा. धाकटीने तो पाहिला. तरी ती उठली.

"दादा, आता तू लाव कान."

"मुंगे, पुरे."

"लाव."

त्याने कान लावला. गाल पत्र्यावर दाबला गेला.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"मोठ्याने बोल. आबांना ऐकू आलं नाही."

आबांना नीट ऐकू आलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. हे तिला दिसत होतं.

"मोठ्याने, दादा," ती म्हणाली.