एका उन्हात वाळलेलं साठ

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक खूळ घेतलं होतं. पेजेची खळ आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेली कागदाची पट्टी रोज सकाळी पडवीत सावलीला टांगायची आणि संध्याकाळी तिचा रंग वहीत लिहायचा. हवेत ओझोन जास्त असला की पट्टी गडद जांभळी होते. धूर आणि कडक ऊन एकत्र आले की जमिनीलगतही हा वायू तयार होतो. घशाला वाईट, पिकालाही. १९९९पासूनच्या पाच उन्हाळ्यांचे रंग वहीत होते. ती वही कुणाला दाखवायचं धैर्य मात्र मला झालं नव्हतं.

२००४च्या मे महिन्यात हवेचा अभ्यास करणाऱ्या डॉ. मनस्विनी पुण्याहून रत्नागिरीला यंत्र घेऊन आल्या. वाचनालयातलं त्यांचं भाषण संपल्यावर कुसुमने, माझ्या बायकोने, त्यांना परस्पर घरी आणलं आणि वही त्यांच्या हातात दिली.

"सर, मेहनत मोठी आहे," त्या चाळता चाळता म्हणाल्या. "पण या पट्ट्या दमटपणानेही गडद होतात. आणि तुम्ही तर समुद्राकाठी. हवेतला ओलावा मोजलात?"

नव्हता मोजला. पाच वर्षं मी नुसता समुद्राचा ओलावा लिहीत बसलो होतो की काय?

"राहू द्या," म्हणत मी वहीसाठी हात पुढे केला.

"दमट की कोरडं, एवढंच ना?" आंब्याच्या साठाचं ताट आत आणत कुसुम म्हणाली. "ते मला विचार गो. ताटात पसरलेला आंब्याचा रस एका उन्हात वाळला, तर मी कॅलेंडरवर बरोबरची खूण करते. चिकट राहिला, तर फुली. वरचा थर कधी द्यायचा ते कळायला नको?"

"जुनी कॅलेंडरं आहेत, काकू?"

"आहेत, पण यांनी पुस्तकांना चढवलीत सगळी!"

खरं होतं. माझ्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाला कॅलेंडरच्या पानाचं कव्हर होतं, छापील बाजू आत. आम्ही तिघं जमिनीवर बसून पुस्तकं सोलू लागलो. मे १९९९ शब्दकोशावर निघाला, एप्रिल २००१ व्याकरणावर.

"त्या निमित्ताने पुस्तकांना हवा लागली," कुसुम पुटपुटली.

मग मनस्विनीबाई कॅलेंडर वाचू लागल्या आणि मी वही.

"अठरा एप्रिल, खूण."

"गडद."

"एकोणीस, खूण."

"गडद."

"वीस, फुली."

"फिकट!"

माझा आवाज चढत गेला. शेवटच्या बाकापर्यंत जावा असा आवाज मला शाळेतसुद्धा कधी जमला नव्हता.

ओलाव्याने रंग चढत असता, तर फुलीच्या दिवशी पट्टी गडद हवी होती. होतं नेमकं उलटं. घाटावरून कोरडा वारा उतरला की साठ झटकन वाळे आणि त्याच वाऱ्याबरोबर शहरांच्या धुरातून उन्हाने घडवलेला ओझोनही येई. खारा वारा सुटला की साठ चिकट आणि हवा स्वच्छ. पाचही उन्हाळे हेच.

मनस्विनीबाईंनी वही दोन्ही हातांनी धरली. "सर, माझं यंत्र इथे दोन आठवडे राहणार. तुमच्याकडे पाच वर्षं आहेत. माझ्या शोधनिबंधात हे हवंच, तुमच्या नावासकट."

"आधी कुसुमचं नाव," मी म्हणालो.

"आधी कव्हरं घाला पुन्हा," कुसुम म्हणाली. "आणि यंदाच्या कॅलेंडरला हात लावाल तर बघा!"

संध्याकाळी पट्टी उतरवण्यापूर्वी मी ताटातल्या साठावर बोट टेकवलं. काही चिकटलं नाही.

"गडद!" मी घरातूनच ओरडलो.

"काय झालं हो, मास्तर?" शेजारचे सखाराम दगडी गडग्यावरून घाबरून डोकावले.

मी पडवीत जाऊन पट्टी उंच धरून त्यांना दाखवली. पिकल्या जांभळासारखी गडद झाली होती.