मॉरिसचं गिऱ्हाईक

सिद्रामअण्णांनी मॉरिस विकायला काढली आहे, हे बिरप्पाला कळलं ते पानाच्या टपरीवर. टपरीवाला म्हणाला, "काय बिरप्पा, गाडी चालली म्हणं तुझी?" आणि बिरप्पा पान हातात तसंच धरून उभा राहिला. नऊ वर्षं त्यानं ती गाडी चालवली होती, धुतली होती, थंडीच्या दिवसांत हँडल मारून मारून तिला जागी केली होती. अण्णांनी त्याच्याजवळ एक शब्द काढला नव्हता.

अण्णांची सोलापुरात तेलाची मिल होती. माणूस कमी बोलणारा, कपाळाला विभूती, आणि डोकं सदा बाजारभावात. आदल्या दिवाळीनंतर पेट्रोल असं काही महाग झालं की जो तो पेट्रोलची गाडी काढायला लागला. अण्णांनीही डिझेलची जीप घेतली. त्यांच्या मुलाला, गुंडूला, तर त्या लहानशा मॉरिसमध्ये बसायची लाजच वाटत होती. बिरप्पानं भीतभीत विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "तुला मिलच्या ट्रकवर घेतो की. तू कशाला घाबरतोस?"

बिरप्पा सांगोल्याकडचा. घरची मेंढरं. सगळी भावकी काठी घेऊन रानोमाळ हिंडणारी, त्यातून हा एकटाच सुटून शहरात आला आणि स्टिअरिंग धरून बसला. गावी गेला की लोक त्याला 'डायवर' म्हणून हाक मारायचे, ती त्याला आवडायची. ट्रक तर ट्रक, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

गिऱ्हाईक आलं ते एका रविवारी. जोतीराम नावाचे बँकेतले ऑफिसर. मूळचे करकंबचे, शेतकऱ्याच्या घरातले, शिकून वर आलेले. राहायला सोलापुरात आणि नेमणूक मोहोळच्या शाखेत. रोज सकाळी एस.टी.च्या स्टँडवर तास तास उभं राहायचं, धक्के खात जायचं, आणि बँक उघडायला उशीर झाला की वरून मेमो. लहानशी, जुनी का होईना, पण आपली गाडी पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी मॉरिसभोवती दोनदा फेरी मारली, बोनेटवर हात फिरवला. लग्नाच्या मुलीकडे बघावं तसे ते गाडीकडे बघत होते.

"बाळे गावापर्यंत फिरवून आण साहेबांना," अण्णा बिरप्पाला म्हणाले.

गाडी पुणे रस्त्याला लागली. जोतीराम शेजारी बसले होते. "तुम्ही किती वर्षं चालवताय हो?" त्यांनी विचारलं. ड्रायव्हरला 'तुम्ही' म्हणणारा साहेब बिरप्पाला फारसा भेटला नव्हता.

"नऊ वर्सं झाली, सायेब."

"मग गाडीचं सगळं तुम्हालाच ठाऊक. मला यातलं काही कळत नाही बघा. तुम्ही म्हणाल ते खरं."

हे बोलणं बिरप्पाच्या काळजाला लागलं. गाडीचं काय ते त्याला खरंच ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी होटगी रस्त्याला ती एका बैलगाडीवर आदळली होती. पुढचं डावं चाक ज्याच्या आधारावर असतं तो सांगाडाच वाकला होता. अण्णांनी तेवढा भाग कापून, दुसरा तुकडा वेल्ड करून बसवला आणि वरून काळा रंग मारला. तेव्हापासून ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढायची. बिरप्पाचे हात सरावले होते. नवख्या माणसाला ते कळायचंही नाही.

बाळे गावाजवळ त्यानं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"सायेब, एक सांगू का? ही गाडी घेऊ नगा."

जोतीराम चमकले. "का?"

"ॲक्शिडंट झालेली हाय. खालनं जोडलीय. ते जोड कवा सुटंल सांगता येत न्हाय. तुमी रोज मोहोळला जानार..."

 परत येईपर्यंत जोतीराम खिडकीबाहेर बघत होते. बिरप्पाला वाटलं, झालं आपलं काम. माणूस 'विचार करून सांगतो' म्हणेल आणि निघून जाईल. पण जोतीराम सरळ माणूस होते, आणि सरळ माणसं करतात तेच त्यांनी केलं. बैठकीत जाऊन अण्णांनाच विचारलं, "गाडीला अपघात झालाय म्हणतात?"

अण्णा जराही गडबडले नाहीत. "झालाय की. कुणी सांगितलं? यानं? मग कुणी केला तेही सांगितलं का?" त्यांनी बिरप्पाला हाक मारून आत बोलावलं. "काय रे, होटगी रस्त्याला गाडी कोण चालवत होतं?"

बिरप्पा दारातच थांबला.

गाडी त्या दिवशी गुंडू चालवत होता. पिऊन चालवत होता. बैल जागच्या जागी मेला, गाडीवानाचा पाय गेला. त्या संध्याकाळी अण्णांनी बिरप्पाला देवघरात नेलं होतं. "पोराचं लग्न ठरलंय बिरप्पा, तू अंगावर घे, जन्मभर तुला अंतर देणार नाही," असं म्हणून त्याचा हात स्वतःच्या हातात धरला होता. बिरप्पानं पोलिसांत तसं सांगितलं, कोर्टात तसं सांगितलं. दंड अण्णांनी भरला. लायसनवर शेरा मात्र बिरप्पाच्या पडला.

"बोल की," अण्णा म्हणाले. "कोर्टाचा कागद आहे माझ्याकडं. आणू का?"

वरच्या जिन्यात गुंडू उभा होता. ओल्या केसांतून कंगवा फिरवत होता. नुसतं त्याच्याकडं बोट केलं असतं तरी पुरलं असतं. बिरप्पाच्या ओठांपर्यंत नाव आलंही. पण ट्रकची नोकरी, देवघरातला शब्द, कोर्टात घेतलेली शपथ असं सगळं एकदम आडवं आलं, आणि त्याची जीभ उचललीच नाही.

"मीच," तो म्हणाला.

"बघा," अण्णा जोतीरामांकडं वळले. "गाडी गेली की याची ड्रायव्हरकी जाते, म्हणून पोटात दुखतंय. किरकोळ मार होता, कधीच दुरुस्त केला. रोज आमच्या घरची बायकापोरं बसतात की या गाडीत."

जोतीरामांनी बिरप्पाकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, किळस होती. "तुम्हाला हे शोभत नाही," ते म्हणाले. त्याच दिवशी व्यवहार झाला. गाडीसमोर नारळ फुटला, झेंडूचा हार पडला आणि मॉरिस फाटकातून बाहेर गेली. वळणावर ब्रेक लागला तेव्हा ती किंचित डावीकडं गेली. ते एकट्या बिरप्पालाच दिसलं.

दुसऱ्या दिवशी तो मिलवर गेला. अण्णा वहीतून मान वर न करता म्हणाले, "घरचं मीठ खाऊन बाहेर बोलणारा माणूस मला नको. फाटकात पुन्हा दिसू नकोस."

"अण्णा, तुमच्या पोरासाठनं मी..."

"काय पोरासाठी? कागद काय म्हणतो?"

बिरप्पा बाहेर आला. अण्णांचं 'जन्मभर' दोन वर्षांतच संपलं होतं.

सोलापुरात त्याला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. लायसन उघडलं की शेरा दिसायचा. अण्णांनीही चार ठिकाणी बोलून ठेवलं होतं. कधी हमाली केली, कधी मंडईत पोती उचलली. बायको केराबाई पहिले काही दिवस गप्प राहिली. मग एकदा भाकरी थापताना म्हणाली, "बोलायचं हुतं तर समदं बोलायचं. आर्दं कशाला बोललासा? आर्द्यानं तर घात केला."  साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला तसा तो बिऱ्हाड घेऊन श्रीपूरला गेला आणि एका मुकादमाच्या ट्रॅक्टरवर ऊस ओढायला लागला. तिथं लायसन कुणी बघत नव्हतं.

हंगामाच्या शेवटी शेवटी एका ट्रकवाल्याकडून बातमी आली. मोहोळच्या अलीकडं मॉरिसचं डावं चाक चालत्या गाडीतच आत दुमडलं होतं. गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. साहेब वाचले, पण उजव्या हाताचा चुरा झाला. ते ऐकताना बिरप्पाच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते 'बरं झालं' असं आलं. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली. त्या दिवशी त्यानं दोन खेपा जास्त टाकल्या.

दुसऱ्या वर्षीच्या हंगामात, संक्रांतीनंतर, तो वजनकाट्याच्या रांगेत ट्रॅक्टर लावून बसला होता. तेवढ्यात फाटकातून एक हिरवी गाडी आली. रंग नवा होता, पण आवाज त्याच्या ओळखीचा होता. जोतीराम स्वतः चालवत होते. डावा हात चाकावर. गिअर बदलायचा झाला की उजव्या हाताचं मनगट चाकावर दाबून धरायचं, अशी त्यांची तऱ्हा. ते उतरले आणि सरळ त्याच्याकडं आले. वाळले होते. बिरप्पा खाली उतरला. त्याला वाटलं, हे आता शिव्या तरी देतील, नाहीतर माफी तरी मागतील. दोन्हीची त्यानं तयारी केली.

"हात कसा हाय, सायेब?"

"सही करता येत नाही. डाव्यानं करतो. बँकेत नव्या सहीचा नमुना द्यावा लागला. सहा महिने काउंटरच्या मागं बसवून ठेवलं मला, बढती गेली." ते इकडंतिकडं बघत बोलत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ बिरप्पा, तुमच्या काट्यावरचा क्लार्क आहे ना, धोंडीराम, तो ही गाडी घेतोय. अकलूजहून रोज ये-जा करायला. तू नऊ वर्षं चालवलीस हे त्याला कळलंय, तो तुला विचारणार. तू एवढंच म्हणायचं, गाडी चांगली आहे."

'तुम्ही' गळून पडलं होतं, हे बिरप्पाच्या लक्षात आलं.

"पुन्ना जोडली का?"

"जोडली."

"त्याच जागी?"

"मग दुसऱ्या कुठल्या जागी जोडणार?"

"सायेब, तुमचा हात गेला हिच्यात."

"म्हणूनच!" जोतीरामांचा आवाज चढला. "माझा हात गेला. आता गाडीही घरात कुजवू का? सगळं मी एकट्यानंच भोगायचं? तो शेठचा पोरगा चालवत होता हे मला सोलापुरात सगळ्यांनी नंतर सांगितलं. तू सांगितलं असतंस तर? तोंडासमोर उभा होतास तू. 'मीच' म्हणालास. तुझ्या त्या एका शब्दावर मी गाडी घेतली. आता माझ्यासाठी एक शब्द बोललास तर काय बिघडतं?"

 साहेब बोलत होते त्यातलं निम्मं खरं होतं. बिरप्पा खाली बघत उभा राहिला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण त्या बैठकीत उभे होतो तसेच उभे आहोत. तो ताडकन वळला आणि काट्याच्या खोलीकडं चालायला लागला.

धोंडीराम खिडकीशी पावत्या फाडत बसला होता. बाहेर गाडीवान, ट्रॅक्टरवाले, मुकादम, सगळी दाटी. बिरप्पा त्या सगळ्यांसमोर बोलायला लागला. होटगी रस्ता, मेलेला बैल, गाडीवानाचा पाय, पिऊन चालवणारा गुंडू, देवघर, खोटी शपथ, वेल्डिंग, बाभळ, साहेबांचा हात. एकही गोष्ट त्यानं गाळली नाही. गुंडूचं नाव बापाच्या नावासकट घेतलं. छातीवरचं एकेक ओझं उतरावं तसं त्याला मोकळं वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमची लेकरं बसनार तिच्यात. घेऊ नगा."

 जोतीराम मागं येऊन उभे राहिले होते, चेहरा पांढरा पडलेला.

धोंडीरामनं पेन कानावर खोचलं.  मग बिरप्पाच्या खांद्यावरून मागं बघून म्हणाला, "असं हाय व्हय? मग साहेब, दीड हजार कमी करा."

बिरप्पाला आधी कळलंच नाही. "अवो, मी काय सांगतूय..."

"ऐकलं की समदं. बरं केलंस सांगितलंस." धोंडीराम खूश झाला होता. "अरं, मी कुटं मुंबईला निगालोय? अकलूज ते श्रीपूर. हळू चालवीन. चांगली गाडी मला परवडती व्हय? मोडकी हाय म्हनूनच मिळतीय."

तिथंच, पावत्यांच्या खिडकीत, घासाघीस सुरू झाली. जोतीराम पाचशेच्या वर कमी करायला तयार नव्हते. धोंडीराम दर वेळी बिरप्पाकडं बोट करायचा, "ह्यो काय म्हनतोय ऐकलंय मी!" मुकादमानं मध्ये पडून बाराशेवर तोडलं. लोक हसले, कुणीतरी पेढे मागितले. गाडीवानांनी पुन्हा आपापल्या पावत्यांसाठी हात पुढं केले. धोंडीरामनं बिरप्पासाठी एक चहा सांगितला. तो बिरप्पानं घेतला नाही.

उसाची ट्रॉली रिकामी करून तो परत रानाकडं निघाला तेव्हा फाटकात जोतीराम उभे होते. गाडी आता त्यांची नव्हती. फाट्यावरची एस.टी. गाठायची तर चालत अर्धा तास. बिरप्पानं ट्रॅक्टर थांबवला. जोतीरामांनी रस्त्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि चढायला लागले. उजव्या हातात जोर नव्हता. बिरप्पानं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना मडगार्डवर ओढून घेतलं.

 खड्ड्यात ट्रॅक्टर आदळला की जोतीराम डाव्या हातानं लोखंडी दांडा घट्ट धरत होते. फाट्यावर उतरताना ते म्हणाले, "त्या दिवशी नाही फुटलं तुझं तोंड. आज फुटलं."

"व्हय," बिरप्पा म्हणाला.

"बाराशे रुपये गेले माझे."

एस.टी. आली. आतल्या माणसांना सरकवत जोतीराम डाव्या हातानं दांडा धरून कसेबसे चढले. ती पंढरपूरच्या दिशेनं जाईपर्यंत बिरप्पा तसाच बसून राहिला. मागून उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि एक गाडीवान त्याच्या नावानं ओरडत होता.