गोल वावर

"आवो, हा पुन्हा फिरला," पंचफुला म्हणाली.

बैल फिरला होता. डावीकडे जुंपलेला तो बैल थोडं सरळ चालला, मग काहीतरी घरी विसरल्यासारखा थांबला आणि सगळं अंग उजवीकडे रेटू लागला. उजवीकडे दुसरा बैल होता. तो जागा सोडायला तयार नव्हता, कारण ती जागा त्याची होती. अडचण एवढीच की ती दोघांचीही होती.

रूपरावनं नांगराची मूठ सोडली आणि तो ढेकळावर बसला.

"पाणी आणू?"

"कोनाले?"

पंचफुलानं तिघांकडे पाहिलं आणि तिघांसाठीही पाणी आणायला गेली.

नांगराच्या बैलाला गोऱ्हा असताना ज्या बाजूला शिकवतात, ती बाजू तो सहसा जन्मभर सोडत नाही. रूपरावचे दोन्ही बैल उजव्या बाजूचे होते आणि दोन्ही सरकारनं दिले होते. बापजाद्यांच्या नावावर कधी एक ढेकूळही नव्हतं अशा माणसांसाठी योजना निघाली होती. तिच्यात त्याला आधी एका मोठ्या खातेदाराकडून सीलिंगच्या कायद्यानं काढून घेतलेलं वावर मिळालं. मग बऱ्याच दिवसांनी एक बैल मिळाला. दुसरा यंदा. माणसाला एकदम इतका आनंद झेपत नाही, हे सरकारला ठाऊक असावं.

दुसऱ्या बैलाच्या खरेदीला रूपराव स्वतः बाजारात गेला होता. सोबत गुरांचे डॉक्टर होते आणि मनोहरराव नावाचे तरुण विस्तार अधिकारी होते. डॉक्टरांनी दात पाहिले. मनोहररावांनी पहिल्या बैलाशी रंग, उंची आणि शिंगं जुळतात का ते पाहिलं, कारण जोडीचा फोटो काढायचा होता. मग ते वळून म्हणाले, "रूपराव, तुम्हाला आवडला का?"

आयुष्यभर गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या, अण्णाजींच्या, घरी सालगडी म्हणून वर्षावर्षाच्या बोलीनं राबलेल्या माणसाला हा प्रश्न नवा होता. अण्णाजींचे कितीतरी गोऱ्हे त्यानं जुवाला शिकवले होते. झोपेतून उठवलं असतं तरी त्यानं आधी बैलाची बाजू विचारली असती. पण आवडला का, असं विचारल्यावर तो गडबडला. त्यानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "लय आवडला, साहेब." बाजू विचारायची राहून गेली.

घरी येऊन ते बायकोला, पंचफुलाला, सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लग्नात तरी कोनं कुठं विचारलंतं."

पाडवा दोन-तीन दिवसांवर आला होता. पाडव्याला नव्या वर्षाचा सालगडी ठरवायचा, म्हणून अण्णाजी धुऱ्याच्या बांधावर येऊन उभे राहिले. त्यांचं वावर लागूनच होतं. सातबाऱ्यावर रूपराव झालेला हा माणूस अण्णाजींच्या तोंडी अजून रूप्याच होता.

"काऊन रे रूप्या, सर्कस चालू हाये का?"

"नाई मालक. नांगरून राह्यलो."

"दोन नवरदेव जुपले तुनं एका मांडवात." अण्णाजी स्वतःच हसले. "तलाठी सांगे, यंदाबी पडीक राह्यलं त वावर वापस जाते म्हनून. त्या साहेबाची जीप परवा येऊन राह्यली. माहा डाव्या बाजूचा बैल घेऊन जा. तुनंच त शिकवला. पाडव्याले सालावर येजो म्हंजे झालं."

यात वाईट काहीच नव्हतं. बैल मिळाला असता, वावर नांगरून झालं असतं. मग वर्षभर रूपराव अण्णाजींच्या वावरात राबला असता आणि त्याचं वावर पुढच्या वर्षी पडीक म्हणून रीतसर परत गेलं असतं. पण नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. तो गप्प बसला. त्याचं गप्प बसणं म्हणजे होकार, हे अण्णाजींनी पूर्वीपासून धरलेलं होतं. ते निघून गेले.

"आता?" पंचफुलानं विचारलं.

"आता काय. थकलो मी."

"बैल कुठं जातो म्हंते?"

"उजवीकडं."

"मंग जाऊ द्या ना त्याले. सरळच गेलं पाह्यजे असं कोनं सांगतलं? एवढं भांडन त तुमी माह्यासंगंबी केलं नाई कधी."

रूपराव उठला. त्यानं नांगर धुऱ्याकडे नेला आणि बैल हाकलले. डावा उजवीकडे रेटत राहिला, उजवा वळत राहिला आणि नांगर गोल फिरू लागला. एका फेऱ्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. बैलांना वाटलं, आपण जिंकलो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ते जिंकत राहिले. संध्याकाळी रूपरावला उभं राहिलं तरी गरगरायचं. पंचफुला त्याला भिंतीला टेकवून भाकर द्यायची.

वर्ध्याहून आंजीमार्गे जीप आली तेव्हा वावर एखाद्या मोठ्या चकलीसारखं दिसत होतं. मनोहरराव बराच वेळ पाहत उभे राहिले. शेजारी अण्णाजी होते.

"रूपराव, ही कोणती पद्धत?"

मनोहरराव नुकतेच प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "समपातळी मशागत! उताराला आडवी. पावसाचं पाणी जागच्या जागी मुरणार."

वावर पोळपाटासारखं सपाट होतं.

"साहेब," अण्णाजी म्हणाले, "इथं उतार कुठी हाये? बैल चुकीचे हायेत याचे."

"अण्णाजी, तुमची पिढी सरळ रेषेतून बाहेर येत नाही," मनोहरराव म्हणाले. "पुढच्या आठवड्यात गावातल्या शेतकऱ्यांना इथं आणू. तुम्हीही या."

मग जोडीचा फोटो झाला. ऐन वेळी डावा बैल जोडीसकट फिरल्यामुळे फोटोत दोन्ही बैलांच्या शेपट्याच आल्या. वावर वहितीखाली आहे, असा शेरा मारून जीप गेली.

अण्णाजींनी टोपी काढून झटकली. "झाली तुही मौज. पाडव्याले सकायीच ये, रूप्या. बैलाइले पानी दाखवाचं हाये."

रूपराव वावराकडे पाहत होता.

"नाई जमत, मालक," तो म्हणाला. "कोपरे राह्यले."

"कायचे कोपरे?"

"वावराचे. गोलात येत नाईत ते."

अण्णाजी काही बोलणार होते. पण पंचफुला कुदळ घेऊन समोरून निघून गेली आणि रूपराव तिच्यामागून गेला.

ऊन उतरलं तेव्हा दोघं शेवटच्या कोपऱ्यात होती. रूपराव खणत होता. पंचफुला ढेकळं फोडून, हरळीच्या मुळ्या झटकून बाजूला टाकत होती. बैल बाभळीखाली शेजारी शेजारी बसले होते. बसताना त्यांचं काही भांडण नव्हतं.

कुदळ हद्दीच्या दगडाला लागून वाजली. पलीकडे अण्णाजींचं वावर होतं, जन्मभर त्यानंच नांगरलेलं. तिथं रूपराव थांबला. वाकून त्यानं दगडाच्या अलीकडची मूठभर माती हातानं उकरली, मोकळी केली, आणि पलीकडे सांडलेले चार खडे उचलून परत इकडे ठेवले.