एक पान जास्त

श्रीवत्साने पोथीचे पान उचलले आणि त्याखालचे पोस्टकार्ड तळव्याने झाकून घेतले.

समोर त्याचे वडील, सुब्बाराव, भिंतीला टेकून बसले होते. डोळे गेले तरी वाचन संपल्यावर सुटी पाने मोजून पोथी लाल फडक्यात बांधण्याचे काम त्यांनी कोणावर सोपवले नव्हते. राजाजीनगरातल्या त्या घरात पारायणाचा आज सातवा, शेवटचा दिवस होता. वाचकाचा पाट खरे तर थोरल्या गुंडोचा; पण वडिलांशी भांडून तो देवनहळ्ळीला निघून गेला आणि तीन वर्षे तिथे श्रीवत्स बसत आला. चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, त्याला त्या एकाच जागी आवाज सापडला होता.

"समुद्र बाहेर कुठे नाही, आप्पा," तो म्हणाला. "मन हाच समुद्र. घुसळायला लागलं की अमृताआधी विषच वर येतं. ते गिळायचं नाही, दुसऱ्यावर थुंकायचंही नाही. कंठात धरायचं."

"किती वेळ रे धरायचं?" आत्या तुंगाबाई म्हणाल्या. "इथं माझी कॉफी गार होतेय."

आप्पा हसले नाहीत.

कार्ड गुंडोचे होते. पारायणाच्या पहिल्याच सकाळी ते दारात श्रीवत्साच्या हाती पडले होते, आणि तेव्हापासून पोथीत होते.

"पुढं?" आप्पांनी विचारले.

श्रीवत्साने कार्ड पानांच्या तळाशी सरकवले.

"सहा दिवस मोजतोय मी," आप्पा सावकाश म्हणाले. "एक पान जास्त भरतंय. स्वल्प जाड आहे. तेही वाच."

तुंगाबाईंचा पेला ओठांशी थांबला.

श्रीवत्साने वाचले. "समाप्तीला येऊ का? आप्पांनी बोलावलं तरच येईन." पोथीवर कधी न अडखळणारा आवाज एवढ्यात तीनदा अडखळला.

"ठाऊक होतं, तर विचारलं का नाही?"

"रोज वाटायचं, आज वाचशील." आप्पांच्या गळ्याची गाठ एकदा वर गेली आणि हळूहळू खाली आली. "किती वाजले?"

"साडेआठ." श्रीवत्साने कार्ड खिशात ठेवले. "समाप्ती संध्याकाळी करू. अण्णाला घेऊन येतो."

"अरे, अध्याय तरी पुरा कर!" तुंगाबाई घाईने म्हणाल्या. "अर्ध्यावर उठलेल्याला त्या पाटावर पुन्हा बसता येत नाही. घरचा नियम ठाऊक आहे ना?"

बाराच श्लोक उरले होते. श्रीवत्साने त्या ओळींकडे एकदा पाहिले, पान उपडे ठेवले आणि तो उठला.

"सरी, ये घेऊन," आप्पा म्हणाले.

दारात चपलांचा आवाज झाला, फाटक वाजले. आप्पांनी हात लांब करून पाट चाचपला. तो अजून उबदार होता. मग त्यांनी तो थोडा बाजूला सरकवला. शेजारी आणखी एक मावेल इतका.