मंगलाष्टकात वाजलेला सॅक्सोफोन

मी एक जुना सॅक्सोफोन आहे. पितळेचा, वाकड्या मानेचा, पोटाला एक पोचा पडलेला. मित्रांनो, लग्नाच्या वरातीत तुम्ही मला पाहिलं असेलच. पण वरातीत लोक घोडा बघतात, नवरदेव बघतात, घामाघूम होऊन नाचणारे मामा बघतात. माझ्याकडे बघायला वेळ कोणाला?

माझा जन्म दूर मेरठच्या एका गल्लीत झाला. गोणपाटात गुंडाळलेला मी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर उतरलो, तेव्हा मला घ्यायला बापूजी आले होते. एरवी ते संत्र्यांच्या पेट्या भरत आणि लग्नसराईत भगवंतराव मास्तरांच्या बँडमध्ये मला वाजवत. पुढे बापूजींचे समोरचे दात पडले. आता मला धरायला ओठांइतकेच दात लागतात, हे कोणाला सांगावं? मी कपाटावर जाऊन पडलो. चाव्यांखालच्या माझ्या चामड्याच्या गाद्या झुरळांनी आरामात खाल्ल्या.

मला खाली काढलं ते बापूजींच्या मुलीनं, दामिनीनं. तिचा अंकुर तेव्हा नुकता मान धरायला लागला होता. बापूजी खाटेवरून सांगत आणि ती गाद्या चिकटवत असे. सैल पडलेल्या एका चावीला तिनं रबर लावलं, ते आजही तिथेच आहे.

दामिनीचा दिवस कसा असतो सांगू? चहा उकळेपर्यंत माझी पत्ती, म्हणजे फुंकायच्या टोकाची वेताची पातळ पट्टी, कपातल्या पाण्यात भिजते. बाळाला झोळीत टाकलं, की ती माझ्या कर्ण्यासारख्या रुंद तोंडात जुना दुपट्टा कोंबते आणि एका हातानं झोळीची दोरी ओढत, जमेल तसं मला फुंकते. दुपट्ट्यामुळे आवाज कुजबुजीएवढा होतो, म्हणून बाळ उठत नाही. मग भाकरी, कपडे, आणि लग्न असलं की टेम्पो. दुसऱ्या कोणाच्या मापाचा लाल कोट घालायचा, उन्हात नवरदेवाकडे तोंड करून उलट पावलांनी चालायचं आणि सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवायचं.

वरात चौकात अडली की एकच गाणं पुनःपुन्हा वाजवावं लागतं. दामिनीला ते दुसऱ्या खेपेला सोसत नसे. ती त्याला मुरडायची, मध्येच तोडायची, कुठल्या कुठे फिरवून बरोबर जागेवर आणून सोडायची. मोठ्या शहरांत असं मनाचं वाजवण्याला जॅझ म्हणतात आणि तिकीट लावून ऐकतात. भगवंतराव त्याला आगाऊपणा म्हणत.

एकदा तो आगाऊपणा महागात पडला. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना बँडवाले बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, चूप उभे राहतात. शेवटची अक्षत पडली की आतून "वाजवा" म्हणतात, तेव्हाच फुंकायचं. रामाकोना गावातल्या एका लग्नात पाचव्या मंगलाष्टकाला दामिनीनं हौसेनं एक तान घेतली. झालं! लोकांना वाटलं, लग्न लागलं. मूठमूठ अक्षता उडाल्या, नवरीनं हार घातला, आणि गुरुजी पोथी धरून बघतच राहिले.

 परतल्यावर टेम्पोतून उतरताना भगवंतरावांनी तिला एवढंच सांगितलं, "पुन्हा मंगलाष्टकात एक सूर बी निंगाला, त सॅक्सोफोन ठेव अन् झांज धर."

झांज वाईट नाही, मित्रांनो. पण झांजेला मनाचं काही बोलता येत नाही. आणि मला पुन्हा कपाट दिसायला लागलं.

पुढचं लग्न सौंसरला होतं. नवरी मोनाली. तिची आई लहानपणीच गेलेली, तिला वाढवलं पंचफुला मावशीनं. मावशीनं स्वतः रचलेलं मंगलाष्टक गायला घेतलं. पट्टी जरा उंच धरली. "माझी बाय ही" इथपर्यंत आली आणि गळा दाटला. दुसऱ्यांदा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकलं. वऱ्हाडात खुसखुस झाली. एक काकाजी म्हणाले, पुढचं घ्या गुरुजी, मुहूर्त चालला. गुरुजींनी घसा साफ केला. आता ते पुढचं म्हणणार आणि मावशीचं राहून जाणार.

दामिनीचा श्वास माझ्यात उतरला. भगवंतरावांनी हातातली बँडमास्तरची काठी आडवी केली: नाही. तिनं कमरेचा दुपट्टा सोडला, माझ्या तोंडात कोंबला, मान खाली घातली आणि मावशीचा सुटलेला सूर हळूच उचलला. तान नाही, थाट नाही. नुसता एक लांब सूर, झोळीजवळ धरतात तसा. अक्षतांच्या मुठी वळलेल्याच राहिल्या. मावशीनं दाराकडे पाहिलं आणि गायला लागली. ती मध्येच पट्टी सोडून खाली आली, तर दामिनी तिच्यासोबत खाली आली. ती थांबली, तर थांबली. ती घसरली, तिथे मीही घसरलो, आणि खरं सांगतो, एवढं बरोबर मी आयुष्यात कधी वाजलो नव्हतो.

"सावधान" झालं. एकही अक्षत वेळेआधी उडाली नाही. मग आतून "वाजवा" आलं, दामिनीनं दुपट्टा उपटून फेकला आणि आमच्या अख्ख्या बँडनं मांडव दणाणून सोडला.

पंचफुला मावशी गर्दीतून वाट काढत चपलांच्या ढिगापर्यंत आली. हातात कुंकवाची कोयरी. आधी दामिनीला लावलं, मग मला.

"मी बेसूर झाली त तू बी माह्यासंगं बेसूर झाली वं," ती म्हणाली. "सख्खी बहीण बी एवढं नाई करत."

भगवंतराव काठी काखेत धरून उभे होते. दामिनीनं विचारलं, "मास्तरजी, झांज कुठं ठेवली?"

"ते मले वाजवू दे," ते म्हणाले. "तू समोर चाल."

आणि ते खरंच झांज घेऊन तिच्या मागे चालले. आता सौंसर-पांढुर्ण्याची माणसं बँड ठरवताना आधी विचारतात, मंगलाष्टकामागं वाजवणारी ती बाई येईल ना? तिच्यासाठी मांडवात, नवरीच्या मावश्यांच्या ओळीत खुर्ची टाकतात. ती बसते, अंकुर तिच्या पायाशी बसतो, आणि पंगतही आता पहिली मिळते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य कपाटावर पडलं असेल, तर ते खाली काढा. त्याचा ओलावा पुसा, झुरळांपासून सांभाळा. आणि कोणी चारचौघांत गाताना अडखळलं, तर हसू नका. त्याच्याच पट्टीत, हळूच, त्याच्यासोबत चार पावलं चाला. पुढचं तो स्वतःच गातो.