पुष्पीच्या पोराचं केंदाळ

"अवं, तेवढं ऱ्हाऊ द्या!" छबूबाई काठावरून ओरडली आणि कंबरभर पाण्यात उभ्या कारभाऱ्याचा विळा जागच्या जागी थांबला.

कारभारी कालव्याचा पाटकरी. कुणाच्या चारीला कधी पाणी सोडायचं ते तो बघायचा आणि हुज्जत घालणाऱ्या भल्याभल्या बागायतदारांना पाटावर उभं राहून सरळ करायचा. बायकोपुढे मात्र त्याची मात्रा चालत नसे.

"अगं, उद्या पानी सुटंल. तळं भरलं का ह्ये केंदाळ सांडव्यावरनं पाटात जाईल, पाटातनं खालच्या गावांत. बहात्तर सालाचं ह्ये असं कोरडं वरीस. चाऱ्या तुंबल्या तर लोकांनी काय करायचं?"

"लोकांचं मला सांगू नगा. माजं पोर जगलं पायजे."

पोर म्हणजे त्यांच्या लेकीचं, पुष्पावतीचं. तिची आधीची दोन तान्ही गेली होती. तिसरं झालं तेव्हा सव्वा महिन्याने पाणी पुजताना छबूबाईने नेवाशाहून, प्रवरेतून, जांभळ्या फुलाचं हे रोप मुळासकट आणून तळ्यात वाहिलं. रोप रुजेल तसं पोर रुजावं, एवढंच तिचं मागणं. पोर रुजलं. केंदाळाने मात्र बोट दिल्यावर हातच धरला. वर्षात अर्धं तळं गिळलं. सकाळपासून कारभाऱ्याने ते उपसून काठावर ढीग घातला होता. उरला होता तो पहिला झुबका. तो उपटला तर पोराचंही मूळ उपटेल, असं छबूबाईच्या मनाने घेतलं होतं.

कारभाऱ्याला तिचा राग येईना. त्या दोन्ही तान्ह्यांना माती त्यानेच दिली होती.

"पुष्पे," पोराला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या लेकीला तो म्हणाला, "त्याला आईच्या मांडीवर दे." मग बायकोकडे वळून तो म्हणाला, "अगं, चांगलं घट धर त्याला. तुज्या हातात असल्यावर त्याला काय हुतंय?"

छबूबाईने नातवाला उराशी आवळलं, डोळे मिटले. कारभाऱ्याने श्वास धरला आणि झुबका ओढला. काळी, लोंबती मुळं ठिबकत वर आली.

"आई गं!" छबूबाई किंचाळली.

कारभारी चिखलातून धडपडत धावला. पोराने आजीच्या बोटाला कडकडून चावा घेतला होता आणि नव्या दातांची करामत बघून ते खिदळत होतं.

"मेल्या, आजीला खातुस व्हय!" छबूबाई हसत होती, रडत होती, त्याचे मुके घेत होती. कारभारी तिथेच चिखलात बसला. त्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि तळ्याकडे निरखून पाहिलं.

"असं काम करता व्हय? त्या दगडाखाली एक ऱ्हायलंय की."

आणि नातवाला लेकीच्या कडेवर देऊन, लुगडं वर खोचून ती स्वतःच पाण्यात उतरली.