शेजारी उठला

नागपुरातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत करिष्मा राउटर सांभाळायची. तिथे तारेच्या पलीकडच्या टोकाच्या राउटरला सगळे शेजारीच म्हणत आणि जोडणी झाली की म्हणत, "शेजारी उठला." तिचे वरिष्ठ विश्वनाथभाऊ तर तेवढ्यावर चहाला निघायचे. "उठला ना वं? मंग झालं काम!"

पण उठलेला शेजारी बोलतोच असं थोडंच आहे? इंटरनेटचे पत्ते आता दोन तऱ्हेचे, जुने आणि नवे. कोणत्या शेजाऱ्याशी कोणत्या पत्त्यांची देवाणघेवाण करायची, ते वेगवेगळं लिहून द्यावं लागतं. त्या मंगळवारी सकाळी करिष्माने नवे पत्ते सुरू केले, तेव्हा जुन्यांची परवानगीही प्रत्येकाला नव्याने द्यावी लागली. अकरा शेजाऱ्यांना तिने दिली. बारावा, कुही गावचा, राहून गेला. पडद्यावर मात्र बाराही उठलेले दिसत होते.

साडेअकराला कुहीच्या एका दवाखान्यातून कौशल्या सिस्टरचा फोन आला. "म्याडम, ईसीजी नागपूरच्या डॉक्टरले जाऊनच नाही राहिला. मोबाइलचं नेट इथं चालत नाही, फोटोही जात नाही. पेशंटच्या छातीत कळा येऊन राहिल्या. डॉक्टरनं पाह्यल्याबिगर मले रक्ताची गुठळी फोडाचं इंजेक्शन देता येत नाही."

करिष्माने पडद्याकडे नजर टाकली. कुहीचा शेजारी उठलेला. "इकडून सगळं चालू आहे," ती म्हणाली. "तुमचा कंप्युटर बंद करून चालू करा." या धंद्याची रीतच ती, आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

सिस्टरने तीनदा बंद-चालू केला, तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी तिच्या आवाजातलं रडू ऐकून करिष्मा चरकली आणि तिने जुन्या पत्त्यांची यादी उघडली. कुहीपुढे शून्य. दवाखान्याचं मशीन जुने पत्तेच ओळखतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. राहिलेली एक ओळ लिहायला तिला दहा सेकंद लागले.

साडेबाराला पुन्हा फोन वाजला.

"गेला म्याडम ईसीजी. डॉक्टर म्हणे, लगेच इंजेक्शन द्या." सिस्टर सांगत होती. "पण पेशंट, मारोतराव, तेच्या पहिलेच गेले. बायको भाईर बसून आहे, तिले अजून सांगतलं नाही."

करिष्माने मान वर केली. राहून गेलेल्या ओळीचं विश्वनाथभाऊंना कळलं होतं; ते ओठांवर बोट ठेवून समोर उभे होते.

"आमचाच कंप्युटर खराब असन," सिस्टर म्हणाली. "तुम्हाले फुकट तरास देला. माफ करजा."

"काही हरकत नाही," करिष्मा म्हणाली.